टेबलावर काय ठेवलंय? हायस्कूलच्या शिक्षकांचा अभ्यासगट कसा उभा राहतो

एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, मध्ये एक भिंत. अलीकडच्या वर्गात बाई न्यूटनचे गतीचे नियम शिकवतायत, पलीकडच्या वर्गात सर तोच धडा शिकवतायत. दोघांची नोकरी पंधरा-वीस वर्षांची. रोज एकाच स्टाफरूममध्ये बसतात, एकमेकांच्या घरची सुखदुःखं दोघांना ठाऊक आहेत. पण समोरचा माणूस तो धडा कसा सुरू करतो, कोणतं उदाहरण घेतो, त्याच्या वर्गातली मुलं नेमकी कुठे अडखळतात, हे विचारलं तर दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. पलीकडच्या वर्गात शिकवणं चालू असताना जाऊन बसायची वेळच कधी आली नाही. पाऊल पडलं असेल तर बदली तासाला, म्हणजे नेमके ते शिक्षक रजेवर असताना.

यात त्या दोघांचा दोष नाही. शाळेची रचनाच तशी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी शाळेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती. प्रत्येक अंडं आपापल्या खळग्यात सुरक्षित, शेजारच्याचा धक्का लागायला नको. मुलं वाढली की आणखी खळगे जोडायचे, बाकी काही बदलायची गरज नाही. लॉर्टी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. डॉक्टर किंवा वकील होणाऱ्याने त्या व्यवसायातली माणसं लहानपणी फारशी काम करताना पाहिलेली नसतात. शिक्षक होणाऱ्याने मात्र स्वतःच्या शालेय वयात शिक्षकांना हजारो तास पाहिलेलं असतं. शिकवणं म्हणजे काय, याची कल्पना तिथेच पक्की होते. पुढे नोकरीत दुसऱ्या कुणाचं शिकवणं पाहायलाच मिळालं नाही, तर माणूस आयुष्यभर आपल्या शिक्षकांसारखंच शिकवत राहतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय म्हणून गेली तीस-चाळीस वर्षं जगभर एक कल्पना मांडली जाते. तिला मोठी, भारदस्त नावं आहेत. आपण साधं नाव घेऊ: शिक्षकांचा अभ्यासगट. एकच विषय किंवा एकच इयत्ता शिकवणारे तीन ते सहा शिक्षक ठरलेल्या वेळी, आठवड्याला किंवा पंधरवड्याला, एकत्र बसतात. स्वतःच्या विद्यार्थ्यांचं काम समोर ठेवतात, त्यावरून स्वतःचं शिकवणं तपासतात, काहीतरी बदलून पाहतात आणि पुढच्या वेळी येऊन सांगतात की काय झालं. व्याख्या एवढीच आहे. अवघड भाग याच्या पुढे सुरू होतो.

कारण बहुतेक शाळा म्हणतील, ‘आमच्याकडे विषयवार बैठका होतातच की.’ होतात, पण त्यांत काय होतं? परिपत्रक वाचलं जातं. पोर्शन कुठपर्यंत आला ते विचारलं जातं. पेपर कुणी काढायचा, सुपरव्हिजन कुणाला, स्नेहसंमेलनाची जबाबदारी कुणाकडे, हे ठरतं. इतिवृत्त लिहिलं जातं, सह्या होतात. एवढ्या वेळात एकाही मुलाने एकही वाक्य कसं लिहिलं, याचा उल्लेख होत नाही. बैठक आणि अभ्यासगट यांतला फरक ओळखायची माझी एकच खूण आहे: टेबलाच्या मधोमध काय ठेवलंय ते बघावं. परिपत्रक असेल तर ती बैठक. मुलांच्या उत्तरपत्रिका असतील, तर तिथे अभ्यासगट असण्याची शक्यता आहे.

शक्यता एवढ्यासाठी म्हणतेय, की एकत्र बसणाऱ्यांच्या सहकार्यातही डावं-उजवं असतं. बर्कलीच्या विद्यापीठातल्या संशोधक ज्युडिथ वॉरन लिटल यांनी १९९० मधल्या एका लेखात याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली पायरी गप्पांची: बोलता बोलता एखादी युक्ती कानावर पडते, जमली तर उचलायची. दुसरी मागितली तर मदत करण्याची. हिच्यात एक मेख आहे. मदत मागणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, म्हणून ज्याला सगळ्यात जास्त गरज असते तोच मागत नाही. तिसरी पायरी देवाणघेवाणीची: नोट्स, प्रश्नसंच, स्लाइड्स एकमेकांना पाठवणं. या तिन्ही पायऱ्यांवर प्रत्येकाच्या वर्गाचं दार बंदच राहतं. युक्ती घेतली किंवा नाही घेतली, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. चौथी पायरी मात्र संयुक्त कामाची. इथे एक काम सगळ्यांचं मिळून असतं आणि त्याच्या परिणामाची जबाबदारीही सगळ्यांची. स्टाफरूममध्ये खेळीमेळी आहे म्हणून आपली शाळा चौथ्या पायरीवर आहे असं समजण्याची चूक फार होते. खेळीमेळी हवीच, पण ती पहिल्या पायरीवरही असू शकते.

संयुक्त काम म्हणजे कोणतं काम? इथे रिचर्ड डुफूर यांचं नाव घ्यावं लागेल. १९८३ मध्ये ते शिकागोजवळच्या लिंकनशायर गावातल्या ॲडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. पुढे २००२ पर्यंत ते त्याच शाळेशी, नंतर अधीक्षक म्हणून, जोडलेले होते. तिथे शिक्षकांचे गट बांधताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रश्न समोर ठेवले, ते आज जगभर चार प्रश्न म्हणून ओळखले जातात. मुलांनी नेमकं काय शिकायला हवं? ते शिकले हे आपल्याला कसं कळणार? शिकले नाहीत तर आपण काय करणार? आणि ज्यांना आधीच येतंय, त्यांच्यासाठी काय करणार?

वाचायला सोपे वाटतात. पण चार शिक्षकांनी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या कागदावर लिहून पाहावं. ‘या धड्यातून मुलांना काय यायला हवं’ याची चार उत्तरं इतकी निराळी निघतात की धडा एकच आहे का, अशी शंका यावी. कुणी व्याख्या लिहितं, कुणी गणितं, कुणी दैनंदिन जीवनातला उपयोग. म्हणजे एका तुकडीतली मुलं एक विषय शिकत असतात आणि शेजारची दुसराच. दुसऱ्या प्रश्नासाठी गटाने मिळून एक छोटी चाचणी काढायची असते, आणि ती शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी काढायची असते. तेव्हाच खरा वाद होतो. ‘समजलं’ म्हणजे काय करता आलं पाहिजे, यावरचा हा वाद वर्षातल्या कुठल्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त शिकवून जातो.

चौथ्या प्रश्नाकडे बहुतेक गट वळतच नाहीत. तिसरा प्रश्न मात्र टाळता येत नाही आणि सगळ्यात जास्त तोच झोंबतो. मुलांना आलं नाही तर काय, याचं आजचं उत्तर मुलाच्या नशिबावर आहे. एका तुकडीतल्या बाई मधल्या सुट्टीत बसवून घेतात, दुसऱ्या तुकडीतले सर पालकांना निरोप देतात, तिसरीकडे पोर्शन पुढे न्यायचा असतो म्हणून धडा मागे पडतो. मूल कोणत्या तुकडीत बसलंय, यावरून त्याला दुसरी संधी मिळणार की नाही ते ठरतं. गट झाला की हा प्रश्न ‘माझी मुलं’ आणि ‘त्यांची मुलं’ या वाटणीच्या बाहेर येतो. तिन्ही तुकड्यांतली अडलेली मुलं एकत्र करून, ज्या शिक्षकाला तो भाग सगळ्यात चांगला जमतो त्याने ती घ्यायची, इतर दोघांनी बाकीच्या मुलांना पुढचं काम द्यायचं, असं काहीतरी शक्य होतं.

आता एक बैठक डोळ्यांसमोर आणू.

विज्ञानाचे तीन शिक्षक आहेत, तीन तुकड्या. आठवड्यापूर्वी तिघांनी आपापल्या वर्गात एकच प्रश्न दिला होता: चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यानंतर, तो वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल कार्य करतं? बाणाने दाखवा. हवेचा विरोध सोडून द्या. बरोबर उत्तर एकच बाण, खाली, गुरुत्वबलाचा.

टेबलावर तिन्ही तुकड्यांचे कागद. पहिले सर वरचे चार-पाच कागद चाळून म्हणतात, ‘मुलं अभ्यासच करत नाहीत हो.’ हे वाक्य प्रत्येक गटात येतं आणि तिथेच बैठक संपू शकते. कारण मुलांनी अभ्यास केला नाही हे निदान धरलं, तर शिक्षकाने करण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या बाई म्हणतात, ‘सर, मार्क नंतर बघू. आधी ढीग लावू या.’ एकसारखी उत्तरं एकत्र. पहिला ढीग बरोबर उत्तरांचा. दुसरा ढीग सगळ्यात उंच: खाली एक बाण आणि वर एक मोठा बाण. त्यातल्या कित्येकांनी वरच्या बाणाशेजारी लिहिलंय, ‘हाताचं बल’. तिसऱ्या ढिगातल्या मुलांनी वरचा बाण चेंडू जसा वर जातो तसा लहान लहान काढलाय. चौथा ढीग लहान आहे: सगळ्यात उंच बिंदूपाशी ‘बल शून्य’.

आता ‘अभ्यास केला नाही’ हे वाक्य टिकत नाही. अभ्यास न केलेली मुलं एकसारखी चूक करत नाहीत, वाटेल ते लिहितात. इथे तर मुलांच्या मनात एक नीट बांधलेला सिद्धांत दिसतोय: वस्तू ज्या दिशेला जाते त्या दिशेला बल असायलाच हवं, आणि ते वापरलं जाऊन संपत जातं. हा समज फार चिवट आहे. न्यूटनपूर्वी मोठमोठ्या विद्वानांचा तोच होता. जॉन क्लेमंट या संशोधकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याबद्दल असाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी वरच्या दिशेचं बल दाखवलं. तेव्हा आठवी-नववीच्या मुलांवर चिडण्यात अर्थ नाही.

मग तिघांच्या लक्षात येतं की पहिल्या ढिगात एका तुकडीचे कागद जास्त आहेत. तिसऱ्या शिक्षिका, गटात सगळ्यांत नवख्या, आतापर्यंत गप्प होत्या. त्यांना विचारलं जातं, ‘तुम्ही काय केलंत?’ त्या जरा संकोचत सांगतात: ‘विशेष काही नाही. फळ्यावर बाण काढला की मी मुलांना विचारते, हे बल कोण लावतंय, त्या वस्तूचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर बाण पुसायचा. एका मुलीने हात असं सांगितलं. मी म्हटलं, हात कुठाय? ती हसली आणि स्वतःच बाण पुसला.’

बस, एवढंच. एक प्रश्न: कोण लावतंय? पाठ्यपुस्तकातली बलाची व्याख्या पाठ करून जे झालं नव्हतं ते या प्रश्नाने झालं, कारण बल म्हणजे दोन वस्तूंमधली क्रिया, ही गोष्ट त्या प्रश्नात आपोआप येते. आणि ही युक्ती त्या वर्गाच्या चार भिंतींत कित्येक महिने पडून होती. शेजारच्या दोन तुकड्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचायला तिला एक टेबल लागलं.

गटाचं काम इथे संपत नाही. तिघं ठरवतात की पुढच्या आठवड्यात तिन्ही तुकड्यांत प्रत्येक बाणाला ‘कोण लावतंय’ हा प्रश्न विचारायचा आणि मग एक नवा प्रश्न द्यायचा. पुन्हा चेंडू नको, कारण त्याचं उत्तर मुलं पाठ करतील. टेबलावरून ढकललेलं पुस्तक घसरत जातंय, हात सुटलाय, आता बाण काढा. इथे आडव्या दिशेला फक्त घर्षण आहे, तेही मागच्या बाजूला. पुन्हा कागद गोळा, पुन्हा ढीग. दुसरा ढीग लहान झाला असेल तर बदल उपयोगी पडला. चौथ्या ढिगासाठी मात्र या युक्तीचा उपयोग कमी, कारण ती मुलं वेगळ्याच गोष्टीत अडकलीत: वेग शून्य म्हणजे बल शून्य. त्याच्यासाठी पुढची बैठक.

या सगळ्यात कुणी कुणाला उपदेश केला नाही, हे लक्षात घ्या. नवख्या बाईंनी ज्येष्ठ सरांना ‘असं शिकवा’ म्हटलं नाही. कागद बोलले.

जपानमध्ये हीच गोष्ट आणखी पुढे नेलेली दिसते. तिथे जुग्यो केन्क्यू म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजत आली आहे. शिक्षकांचा गट एक पाठ अनेक आठवडे घासूनपुसून तयार करतो. कोणत्या प्रश्नाला मुलं काय काय उत्तरं देतील, चुकीची कोणती देतील, त्यावर शिक्षकाने काय विचारायचं, फळ्यावर कोणती गोष्ट कुठे लिहायची, हे सगळं त्या पाठटाचणात येतं. मग गटातला एक जण तो पाठ प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे मागे, बाजूला उभे राहून पाहतात. पाहायचं मुलांकडे असतं. कोणतं मूल कुठे थांबलं, वहीत काय लिहून खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं. नंतर चर्चा होते तेव्हा पाठ ‘आपला’ असतो, कारण तो सगळ्यांनी मिळून बांधलेला असतो. त्यामुळे फसला तर शिकवणारा एकटा उघडा पडत नाही. आपल्याकडच्या पाठ निरीक्षणात मागच्या बाकावर बसलेला माणूस शिक्षकाकडे बघत शेरे लिहितो आणि शिक्षक घामाघूम होतो. एकाच खोलीत तीच माणसं, पण नजर कुठे आहे यावरून सगळा अनुभव बदलतो. हेही सांगायला हवं की जपानमध्येसुद्धा ही पद्धत प्राथमिक शाळेत जास्त मुरलेली आहे, उच्च माध्यमिकला ती पातळ होत जाते. मोठ्या इयत्तांत परीक्षेचं दडपण आणि विषयांची कुंपणं सगळीकडेच आड येतात.

चीनमध्ये १९५० च्या दशकापासून माध्यमिक शाळांत विषयवार अध्यापन-संशोधन गट आहेत, आणि एका विषयाचे शिक्षक बऱ्याचदा एकाच खोलीत बसतात. बसायची जागा बदलल्याने किती फरक पडतो, याचा विचार आपण करतच नाही.

आता भीतीबद्दल. वरची बैठक ज्या सहजपणे पार पडली तशी पहिल्या दिवशी पडत नाही. आपल्या वर्गाचे कागद चार जणांसमोर ठेवणं म्हणजे स्वतःला ठेवणं. ज्येष्ठांना वाटतं, इतक्या वर्षांनी आता माझी परीक्षा घेणार का? नव्यांना वाटतं, येत नाही हे कळलं तर? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत औषध देण्याच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या पथकांत चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या. शोध घेतल्यावर कळलं की त्या पथकांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या, इतरत्र लपवल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवरून दाखवलं की ज्या गटात चूक सांगितली तरी आपल्याला कुणी कमी लेखणार नाही असा भरवसा असतो, तो गट जास्त शिकतो.

हा भरवसा भाषणाने येत नाही. ‘मोकळेपणाने बोला’ असं मुख्याध्यापकांनी म्हटलं की लोक आणखी सावध होतात. तो काही ठोस गोष्टींनी येतो. पहिली म्हणजे अभ्यासगटात समोर आलेले गुण आणि कागद शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनात कधीही जाणार नाहीत, हे लेखी ठरलेलं असावं. या बाबतीत माझं मत ठाम आहे. एकदा जरी गटातली माहिती कुणाच्या गोपनीय अहवालात उमटली, तर त्या शाळेत पुढची कित्येक वर्षं टेबलावर खरा कागद येणार नाही, फक्त हुशार मुलांचे निवडक कागद येतील. दुसरी गोष्ट, सुरुवात गटप्रमुखाने स्वतःच्या फसलेल्या तासापासून करावी. आणि तिसरी, बोलण्याला एक क्रम असावा. पहिली काही मिनिटं फक्त ‘मला कागदावर काय दिसतंय’ एवढंच बोलायचं. कारणं नकोत, उपाय नकोत, ‘अभ्यास करत नाहीत’ नको. मग ‘असं का लिहिलं असेल’. उपाय अगदी शेवटी. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं, शाळेतल्या मुलांसारखं वाटतं. पण क्रम नसेल तर ज्याचा आवाज मोठा तो बोलतो आणि नवख्या बाईंची युक्ती टेबलावर येतच नाही.

सगळ्यात मोठा अडथळा वेळेचा, आणि त्यावर बोलताना शिक्षकांना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. शाळा सुटल्यावर, कामाचा दिवस संपल्यावर, पेपरचे गठ्ठे घरी न्यायचे असताना ‘अर्धा तास थांबा’ म्हणणं म्हणजे गट सुरू होण्याआधीच मोडणं. ज्या शाळेला हे खरंच हवंय तिने वेळापत्रकात जागा काढावी. वेळापत्रक लावताना एका विषयाच्या, एका इयत्तेच्या शिक्षकांचा आठवड्यातला एक तरी मोकळा तास एकाच वेळी येईल असं पाहायचं, आणि तो तास बदली तासासाठी कुणी उचलायचा नाही. वेळापत्रक लावणाऱ्याचं हे काम किती किचकट असतं याची कल्पना आहे, म्हणून ते वर्षाच्या सुरुवातीला, बाकीच्या अटींच्या आधी करावं लागतं. शिवाय सध्याच्या बैठकांतून वेळ निघतो. जे वाचून कळण्यासारखं आहे ते मोबाइलवर पाठवा, त्यासाठी चाळीस माणसं एका खोलीत बसवू नका.

पण वेळ दिला आणि सक्ती केली की काम झालं, असंही नाही. कॅनडातले अभ्यासक अँडी हार्ग्रीव्हज यांनी १९९० च्या सुमारास लादलेल्या सहकार्याबद्दल सावध केलं होतं. वरून फर्मान येतं, ठरलेल्या नमुन्यात अहवाल मागितला जातो, आणि मग गट अहवाल भरण्यासाठी भरतो. रकाने भरलेले, सह्या झालेल्या, वर्गात काहीच बदललेलं नाही. इंग्लंडमध्ये पाठाच्या अभ्यासाचा उपयोग होतो का, हे पाहणारी एक मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या गणितात आणि वाचनात त्यामुळे सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. या कल्पनेवर प्रेम असणाऱ्यांनी हा निकाल लपवू नये. दुसरीकडे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामी-डेड परगण्यातल्या ३३६ शाळांतल्या ९,००० हून अधिक शिक्षकांच्या दोन वर्षांच्या माहितीवर आधारलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जिथे शिक्षकांमधलं सहकार्य चांगल्या दर्जाचं होतं तिथल्या मुलांची गणितात आणि वाचनात प्रगती जास्त होती. हे दोन निकाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचते. गट नावाची वस्तू शाळेत बसवली म्हणजे मुलं शिकत नाहीत. गटात होणारं बोलणं कशाबद्दल आणि किती खोल आहे, त्यावर अवलंबून असतं.

हायस्कूलची एक खास अडचण राहिली. गणिताचे चार शिक्षक असतात, पण संगीताचे एकच, चित्रकलेचे एकच, एखाद्या भाषेचे एकच. त्यांनी कुणाबरोबर बसायचं? त्यांना सोयीसाठी कुठल्याही गटात ढकललं जातं आणि ते बिचारे कोपऱ्यात दुसऱ्यांचे कागद बघत बसतात. यापेक्षा दोन मार्ग बरे. शेजारच्या शाळांतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांशी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर गट करावा, कागदांचे फोटो आधी पाठवावेत. किंवा विषयाऐवजी एखादं कौशल्य धरून गट करावा. ‘आपलं म्हणणं पुराव्यासह लिहिणं’ हे इतिहासात लागतं, विज्ञानात लागतं, भाषेत लागतं आणि चित्राचं रसग्रहण करतानाही लागतं. तिथे चित्रकलेच्या सरांचा कागद टेबलावर इतरांइतक्याच हक्काने येतो. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण मुलांच्या बाजूने पाहिलं तर विषयांच्या भिंती फक्त वेळापत्रकात असतात.

गटप्रमुख कोण असावा, यावर खूप खल होतो. तो पर्यवेक्षक नसावा, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सगळ्यात ज्येष्ठच हवा असंही नाही. ज्याला ऐकता येतं, वेळेवर थांबवता येतं आणि ‘सर, कागदावर तसं दिसत नाहीये’ हे न दुखावता म्हणता येतं, तो चालेल. एखादे शिक्षक पहिले चार आठवडे हाताची घडी घालून बसतील. त्यांना बोलतं करायच्या मागे लागू नये. फक्त त्यांच्याही तुकडीचे कागद टेबलावर येतील हे पाहावं.

सुरुवात करायची असेल तर लहान करा. सगळ्या शाळेत एकदम नको, ज्यांना हवंय अशा तीन-चार जणांचा एकच गट. पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न ठरवा, असा की ज्यात मुलं दरवर्षी अडतात. दुसऱ्या आठवड्यात तो वर्गात द्या, दहा मिनिटं पुरतात. तिसऱ्या आठवड्यात ढीग लावा आणि एक बदल ठरवा, दोन नाही. चौथ्यात सगळ्यांनी तो करून पाहा. जमलं तर मोकळ्या तासाला एकमेकांच्या वर्गात मागे जाऊन बसा, आणि बसाल तेव्हा मुलांच्या वह्यांकडे बघा. पाचव्यात नवा प्रश्न द्या, सहाव्यात पुन्हा ढीग. इतिवृत्ताऐवजी एका वहीत तीन ओळी: काय दिसलं, काय बदललं, काय झालं. तिसऱ्या आठवड्यातल्या बैठकीला प्रत्येकाने दहा-दहा कागद आणावेत, निवडून नाही, हजेरीपटावरचा दर चौथा क्रमांक घेऊन. आणि सगळ्यांत आधी गटप्रमुखाच्या तुकडीचे दहा कागद टेबलावर पसरावेत.